तलावावरचा दोन कॅनींचा वाघ

माझी बायको पारबता गेली, त्याच्या आदल्या सांजेले आम्ही दोघांनी मिळून सायकलचं पंक्चर काढलं.

बस, इतकंच. लोक येऊन विचारत, "लटारू भाऊ, शेवटचं काय बोलली बाई?" काही मोठं बोलली असती तर सांगतलं असतं! हवा मी भरली, घमेल्यात पाणी तिनं भरलं, अन् ट्यूब पाण्यात दाबून धरायचं काम तिचं. (पाण्यातलं काम आमच्या घरी नेहमी तिचंच. काऊन, ते पुढं येते.) बुडबुडे निघाले तशी म्हणाली, "हे पाहा, इथी बोलून राह्यली." मी तिथी घासलं, सोल्युशन लावलं, ठिगळ चिकटवलं. ती पदराले हात पुसत म्हणाली, "उद्या सरावाचा पह्यला दिवस आहे. दमानं चालवा. छाती फोडून घेऊ नोका."

सकाळी मी चहा ठेवला. दोन कप भरले. ती उठली नाई. डॉक्टर म्हणाला, झोपेतच छाती बंद पडली. सांगायचं मले अन् करायचं स्वतः, हा तिचा जुनाच स्वभाव!

आता सराव कायचा, ते सांगतो. ट्रायथलॉनचा. मी चौथी शिकलेला माणूस, पण मले ते चांगलं समजलं आहे. आधी माणसाले पाण्यात सोडायचं. पोहून पोहून अर्धा मेला का बाहेर काढून सायकलवर बसवायचं. सायकलवर उरलेला अर्धा मेला का खाली उतरवून धाववायचं. इतकी शिक्षा कोर्टही देत नाई, अन् हे लोक हौसेनं नाव लिहून देतात!

हे खूळ आमच्या घरात आणलं आमच्या पोरीनं. वैशाली ब्रह्मपुरीले शाळेत खेळाची मास्तरीण आहे. एका रविवारी फॉर्म घेऊनच आली. नव्या लोकायसाठी लहान शर्यत होती, अन् घरच्या घरी टीम करता येत होती.

"आई पोहीन, बाबा सायकल चालवतीन, मी धावीन," ती म्हणाली.

"बक्षीस काय?" पारबतानं विचारलं.

"मेडल भेटते."

"खाता येते काय?"

"नाई वं आई. गळ्यात घालते."

"मंगळसूत्रासंगं चालते काय?"

"चालते."

"मंग लिही माह्यं नाव."

मले कोणी विचारलंच नाई. माझं नाव तिनं आधीच लिहून आणलं होतं.

आता ते पाण्याचं. आम्ही ढिवर. मासे धरणारे लोक. सावली ह्या तालुक्याच्या गावापासून थोडं आत आमचं गाव, गावाले मालगुजारीच्या काळचा मोठा तलाव, अन् तलाव आमच्या मच्छीमार सोसायटीकडे. आमचे पोट्टे आधी पोहतात अन् मंग चालतात. अन् आता जे सांगून राह्यलो, ते मी सहासष्ट वर्षांत कोणाले सांगतलं नाई. मले पोहता येत नाई! ढिवराले पोहता न येणं म्हंजे न्हाव्याले केसाची शिसारी असणं. लहानपणी एकदा शिंगाड्याच्या वेलात पाय गुरफटला होता. तेव्हापासून पाणी कमरेच्या वर चढलं का मले माझी मेलेली आजी दिसते. तीही चांगल्या मूडमध्ये नाई दिसत.

म्हणून मी अक्कल लढवली. मासे धरायचे दुसऱ्यांनी, अन् सायकलवर पेटी बांधून गावोगाव विकायचे मी! लोक म्हणत, "लटारू मेहनती आहे, रोज एवढी सायकल हाणते." मेहनती कायचा, भित्रा! आजपर्यंत ह्या हातानं एक मासा धरला नाई. विकले मात्र हजारो.

लग्नानंतर आठ दिवसांतच पारबताले समजलं. सोसायटीचं जाळं खोल पाण्यात एका खुंटाले अडकलं. सगळे ओरडले, "लटारू, मार बुडी!" मी कमरेएवढ्या पाण्यात उभा. हलता येईना. आजी दिसायले लागली. तेवढ्यात काठावरून धप्प आवाज आला. नव्या नवरीनं लुगडं खोचून उडी मारली होती! तिनं जाळं सोडवलं, बाहेर आली, केस पिळले, अन् सगळ्यांसमोर ठणकावून म्हणाली, "ह्यायचा कान फुटला आहे. डॉक्टरनं पाण्यात जाऊ नोका म्हणलं."

मी लगेच कानाले हात लावला. (कोण्या कानाले लावायचा हेही ठरलं नव्हतं. डावा सापडला.) तेव्हापासून बेचाळीस वर्षं माझा डावा कान फुटलेलाच राह्यला! रोज सकाळी ती कापसाचा बोळा स्वतःच्या हातानं कानात घालून देत होती. इतक्या वर्षांत एक दिवस चुकली नाई. मले तर कधी कधी तो कान खरंच दुखत होता.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी वैशालीनं फॉर्म काढला. "बाबा, मी टीमचं नाव काढून टाकते."

"काऊन?"

"पोहणार कोण आता?"

आता इथी एक गोष्ट सांगाले पाह्यजे. त्या पंधरा दिवसांत मी जिथी जात होतो तिथी लोक पारबताचं नाव कमी करून राह्यले होते. राशन कार्डातून कमी केलं. बचत गटाच्या रजिस्टरातून कमी केलं. मतदार यादीतून कमी करायचा कागद मीच सही करून दिला. एवढी मोठी बाई, अन् जो येते तो पेन घेऊन तिच्यावर रेघ मारते! म्हणून माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी पोहतो."

"तुमी? तुमचा कान?"

"बरा झाला."

"कधी?"

"आत्ताच."

पोरीनं मंग शर्यतवाल्यांले फोन लावला. एका माणसानं पोहणं अन् सायकल दोन्ही केलं तरी चालते म्हणाले. टीमले काहीही नाव देता येते म्हणाले. वैशालीनं तिथीच टीमचं नाव ठेवलं, 'पारबता'. अन् मले अट घातली. "दीड महिन्यानं रविवारी मी येते. तलावाच्या घाटापासून शिंगाडेवाल्यांनी पाण्यात रोवलेल्या बांबूपर्यंत मले पोहून दाखवायचं. पोहले तर नाव राहीन. नाई तर मी काढून टाकीन, अन् मंग तुमी रुसायचं नाई."

म्हंजे आता पारबताचं नाव एका कागदावर उरलं होतं, अन् ते ठेवणं ज्याले पोहता येत नाई त्याच्या हाती होतं!

मी सराव सुरू केला. आधी घरी. बेचाळीस वर्षं काठावर बसून तिले पोहताना पाह्यलं होतं, हात कसे मारायचे ते पाठ होतं. बाजेवर पालथा पडून हातपाय मारत होतो. चौथ्या दिवशी बाज मोडली. मंग तलावाशिवाय इलाज राह्यला नाई. तलावाच्या मागच्या अंगाले बेशरमाची झाडी आहे, तिकडं सकाळी कोणी येत नाई. तेलाच्या रिकाम्या दोन कॅनी, एक पाच लिटरची अन् एक दोनची, जाळ्याच्या दोरीनं कमरेले बांधल्या अन् उतरलो. हिवाळ्याचे दिवस. पह्यला आठवडा मी पोहणं शिकलोच नाई, फक्त कुडकुडणं शिकलो. दुसऱ्या आठवड्यात तरंगलो. तिसऱ्यात हात मारायले लागलो, पण एक कॅन मोठी अन् एक लहान, म्हणून मी गोल गोल फिरत होतो! घाण्याच्या बैलासारखा. तरी पाणी गळ्यापर्यंत आलं तर आजी दिसत नव्हती. दुसरीच कोणी दिसत होती, अन् ती हसून राह्यली होती.

तेवढ्यात वैशालीचा फोन आला. "बाबा, पाण्यातून निघालं का चालत नाई जायचं. धावत जाऊन सायकलवर बसायचं. मधात थांबायचं नाई, कोणाशी बोलायचं नाई. तो टाइमही मोजतात. त्याचाही सराव करा."

मास्तरणीचा हुकूम! दुसऱ्या सकाळी मी सायकल तलावाच्या पाळीखाली (म्हंजे मातीच्या बांधाखाली) उभी केली. पोहलो (गोल गोल). निघालो. अन् कमरेच्या कॅनी सोडायच्या राह्यल्या तसाच, ओल्या चड्डीवर, पाळीवरून धावत सुटलो. कॅनी धडधड वाजून राह्यल्या! टांग मारली, अन् सायकल गावातून सोडली.

पह्यले भेटला माझा साळा. पत्रू त्याचं नाव, पारबताचा लहान भाऊ (म्हंजे मी त्याचा भाटवा) अन् सोसायटीचा अध्यक्ष. तोंडात दातून धरून दारात उभा होता.

"भाटवे! काय झालं?"

"टाइम नाई!"

"कोण आहे मागं?"

"बोलायचं नाई!"

आता तुमी शहरातले असान तर तुमाले वाटन, पत्रू समजला असन का भाटवे व्यायाम करून राह्यले. पण आमच्या इकडे तलावाकडून धावत येणाऱ्या माणसाले कोणी व्यायाम समजत नाई. इथी माणूस धावते तेव्हा त्याच्या मागं काहीतरी असते, अन् त्या काहीतरीले पट्टे असतात. पत्रूचं दातून खाली पडलं.

"वाऽऽघ!"

बोअरिंगवरच्या बायांनी पाण्याचे भरलेले गुंड फेकले. चहाच्या टपरीवरची माणसं उठली. सगळे पळाले, अन् पळाले कोणीकडं, तर मी जिकडं जात होतो तिकडंच! मी मागं वळून पाह्यलं. अख्खं गाव माझ्यामागं धावून राह्यलं! आधी वाटलं, लोक मले हौसला देऊन राह्यले. मंग दिसलं का त्यात शाळेचे मास्तरही आहेत, अन् मास्तर तर बस सुटली तरी धावत नाई. म्हणलं, लटारू, खरंच वाघ आला! मी जोरानं पायडल मारले. मी जोरानं पळालो म्हणून ते आणखी जोरानं पळाले. ते जोरानं पळाले म्हणून मी आणखी! असं करत करत गाव संपलं, रस्ता संपला, अन् मी सायकलसुद्धा शेणाच्या खड्ड्यात गेलो.

बाकीचे ग्रामपंचायतीच्या गच्चीवर चढले. जिना लहान होता, तरी सगळे मावले.

दुपारी फॉरेस्टची गार्ड मॅडम आली. तरणीताठी पोरगी, पण आवाज ठाणेदाराचा.

"वाघ कोणी पाह्यला?"

साठ बोटं माझ्याकडं वळली. मी चादर गुंडाळून बसलो होतो. शेणाचा वास येत होता म्हणून माझ्याजवळ कोणी बसलं नव्हतं.

खरं सांगायचं असतं तर सोपं होतं. 'वाघ-बिघ काही नाई, मी पोहणं शिकून राह्यलो.' पण समोर सगळे ढिवर बसले होते! सहासष्टव्या वर्षी, तेलाच्या कॅनी बांधून! अन् मंग बेचाळीस वर्षं त्या बाईनं कानात घातलेल्या कापसाचं काय? ती खोटी पडन. मी म्हणलं, "हौ. मी पाह्यला."

"किती मोठा?"

"मोठा."

"नर का मादी?"

"इचारलं नाई."

"कोण्या दिशेनं गेला?"

"मी माह्या दिशेनं गेलो, तो त्याच्या दिशेनं गेला असन."

"अन् ह्या कॅनी कायले बांधल्या कमरेले?"

माझ्या डोक्यात काय आलं काय माहीत. "वाजवाले," मी म्हणलं. "आवाजानं वाघ जवळ येत नाई."

मॅडमनं वहीत लिहून घेतलं! पत्रू बाजूच्याले म्हणाला, "अनुभवी माणूस आहे भाटवा." अन् तुमाले खोटं वाटन, दोन दिवसांत अर्धं गाव कमरेले तेलाच्या कॅनी बांधून वावरात जायले लागलं! बाया निंदाले वाकल्या का धडधड, बांधावर चढल्या का धडधड. किराण्याच्या दुकानात रिकामी कॅन भेटेना. मी रस्त्यानं निघालो का लोक राम राम घालत. जन्मात पह्यल्यांदा इज्जत भेटली, अन् ती तेलाच्या कॅनीमुळं.

पण तलाव बंद झाला. मॅडमनं आठ दिवस तलावावर जायची मनाई केली, झाडाले दोन कॅमेऱ्याच्या पेट्या बांधल्या. सोसायटीचं जाळं घरात पडलं. अन् वैशालीचा रविवार आठ दिवसांवर आला होता!

मी विचार केला. गावात वाघाले सगळे भितात. काऊन, का वाघ आहे. पण वाघ नाई, हे कोणाले माहीत आहे? मले. म्हंजे तलावावर जायले गावात एकटा मीच मोकळा! दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पुन्हा पाण्यात. कॅमेऱ्याचं म्हणाल, तर माझी समजूत अशी होती का ती पेटी वाघासाठी आहे, ती माणसाचा फोटो कायले काढन? एका पेटीले चांगला खिळ्यासारखा कोपरा होता. तिच्यावर मी रोज शर्ट टांगत होतो.

शनिवारी वैशाली एक दिवस आधीच आली. वाघाची बातमी ब्रह्मपुरीपर्यंत गेली होती. "बाबा, तुमी त्या तलावाकडं गेले तर नाई ना?"

"मी कायले जातो?"

तेवढ्यात दवंडी झाली का मॅडम फोटो घेऊन आली, ग्रामपंचायतीत जमा. सगळे गेले. वैशालीनं मलेही ओढून नेलं. मॅडमनं टीव्हीले लॅपटॉप जोडला.

"हा पह्यला कॅमेरा," मॅडम म्हणाली. "पाच दिवस रोज सकाळी अर्धा तास ह्याच्यासमोर अंधार होत होता. अन् त्या अंधारात ही एक गुंडी दिसून राह्यली."

टीव्हीवर गुंडी आली. घमेल्याएवढी. लाल.

"ही तर आईच्या पोलक्याची गुंडी आहे," वैशाली हळूच म्हणाली. खरं होतं. माझ्या शर्टाची गुंडी तुटली तेव्हा पारबतानं स्वतःच्या जुन्या पोलक्याची काढून लावली होती. वैशालीनं माझ्या शर्टाकडं पाह्यलं. मी हात छातीवर ठेवला, पण उशीर झाला होता.

"आता दुसरा कॅमेरा," मॅडम म्हणाली.

मंग सुरू झाला माझा सिनेमा! लटारू पाण्याले हात जोडून राह्यला. लटारूनं नाक धरलं. लटारू गायब, दोन कॅनी दिसून राह्यल्या. लटारू वर आला, डोक्यावर शेवाळ. लटारू गोल फिरून राह्यला, पुन्हा गोल, पुन्हा गोल. लटारू चड्डीवर धावून राह्यला, तोंड असं उघडं! गाव हसून हसून आडवं झालं. एकाच्या कमरेची कॅन हसता हसता फुटली.

मी उठून उभा राह्यलो. सवयीनं हात डाव्या कानावर गेला.

"बाबा," वैशाली म्हणाली. ती एकटी हसून नव्हती राह्यली. "कान?"

"कान चांगला आहे," मी म्हणलं. "कधीच फुटला नव्हता. तुह्या मायनं फोडला होता. मले पोहता येत नाई, पोरी. येतच नव्हतं."

हसणं थांबलं. मले वाटलं, आता ह्या गावात राहणं संपलं. तेवढ्यात पत्रू म्हणाला, "भाटवे, बसा खाली. आमाले बेचाळीस वर्षांपासून माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमाले पोहता येत नाई, ते. पह्यल्या दिवशीच समजलं. पण बाईनं त्याच रात्री साऱ्या सोसायटीले दम देऊन ठेवला होता. म्हणे, माह्या मालकाच्या कानाले जो कोणी हसन, तो बुडून राह्यला तरी मी त्याले बाहेर काढणार नाई! अन् तिच्याशिवाय तेवढ्या खोल बुडी कोण मारत होतं? आम्ही चूप बसलो."

म्हंजे मी बेचाळीस वर्षं गावापासून लपवत होतो, अन् गाव बेचाळीस वर्षं माझ्यापासून! अन् मधात ती एकटी दोन्हीकडचं सांभाळून राह्यली होती. मी नाक शिंकरलं.

"आता शेवटचा फोटो," मॅडम म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हा आजचा. लटारू भाऊ पाण्यातून निघाल्यावर अठरा मिनिटांनी."

टीव्हीवर वाघीण आली. मी जिथून निघतो, बरोबर तिथीच वाकून पाणी पिऊन राह्यली होती. बाजूले माझ्या ओल्या पायाचे ठसे. सगळ्यांनी बसल्या जागी पाय वर घेतले.

म्हंजे मी खोटं बोललोच नव्हतो. थोडं लवकर बोललो होतो!

हे मी मोठ्यानं म्हणलं. कोणी हसलं नाई. वैशाली उठून बाहेर गेली. मी मागं गेलो. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"आई गेली तेव्हा तुमी मले फोन केला," ती म्हणाली. "तुमी गेले असते तर कोणी केला असता, बाबा? ही गार्ड मॅडम?"

असा सवाल चौथीच्या पुस्तकात नव्हता.

"काही टीम नाई पाह्यजे. मी आत्ताच नाव काढून टाकते." तिनं मोबाइल काढला.

"काढ," मी म्हणलं. "साऱ्यांनीच काढलं. मले वाटलं, एका तरी कागदावर तिच्यावर कोणी रेघ मारू नोये."

तिचं बोट मोबाइलवर तसंच राह्यलं. मागून पत्रूचा आवाज आला. तो दारात उभा राहून सगळं ऐकून राह्यला होता. (साळ्याले दार फार आवडते.)

"वैशे, उद्या ऊन चढल्यावर मॅडमच्या परवानगीनं आम्ही बाराजण डब्बे वाजवत जातो. चारी बाजूले आम्ही, मधात भाटवा. बाईनं आमाले दम दिला होता, हसू नोका म्हणून. शिकवू नोका असं नव्हती म्हणाली."

वैशालीनं डोळे पुसले. "एकदाच," ती म्हणाली. "कॅनी न बांधता. अन् एकटं पुन्हा गेले ना, तर मी तुमाले ब्रह्मपुरीले नेऊन तिसऱ्या मजल्यावर ठेवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो. एकटा नाई. बारा ढिवर, बारा डब्बे, काठीवाली मॅडम, पोरगी, अन् पाहायले आलेलं सगळं गाव. वाघीण शहाणी असन तर तिनं तालुका सोडला असन.

मी चड्डीवर घाटावर उभा. पत्रू पाण्यात माझ्या बाजूले. "भाटवे, छातीत हवा भरा. तीच कॅन. अन् बांबूकडं पाहा, खाली पाहू नोका." मी कान चाचपला. सरावात सवयीनं घालत होतो तो कापूस आज नव्हता. पाणी पह्यल्यांदाच आत गेलं अन् मले समजलं, पाण्याखाली किती शांत असते. ही बाई उगाच नव्हती तिकडं जात.

हात मारला. दुसरा मारला. कॅनी नव्हत्या म्हणून सरळ गेलो! काठावर डब्बे वाजत होते, का माझी छाती, सांगता येत नाई. मधात एकदा पाय खाली गेले, तळ लागला नाई, आजीची वाट पाह्यली, आलीच नाई. मंग बोटाले काहीतरी कडक लागलं. बांबू!

अन् बेचाळीस वर्षांची सवय. मी काठाकडं वळलो अन् मोठ्यानं म्हणलं, "पाह्यलं काय वं!"

पाण्यात असताना तोंड उघडायचं नसते, हे मले कोणीच सांगतलं नव्हतं. अर्धा तलाव पोटात गेला. पत्रूनं केस धरून ओढलं (केस म्हंजे जे चार उरले आहेत ते), काठावर आणून पालथा पाडला, अन् सगळ्या सोसायटीनं पाठीत गुद्दे मारून बेचाळीस वर्षांचं काढून घेतलं. मी डोळे उघडले तर वैशाली माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, बरं वाटते काय?"

"नाव?" मी विचारलं.

"बांबूले हात लागला तुमचा, मी पाह्यला," ती म्हणाली. "नाव राहीन. रडू नोका."

"मी रडत नाई. तलाव निघून राह्यला."

मंग मले उठवून उभं केलं, अन् उभं केल्याबरोबर माझ्या चड्डीतून एक बोटभर मासोळी टपकन खाली पडली अन् उड्या मारायले लागली. पत्रूनं ती उचलली, पुन्हा पाण्यात सोडली, अन् टोपी काढून मले रामराम घातला.

सहासष्ट वर्षांत ह्या ढिवरानं धरलेला तो पह्यला मासा!